भांडी कुणी घासायची? साताऱ्याला गेलेल्या लेकाला पत्र

प्रिय ओम,

परवा तुझा मेसेज आला. जेवण झाल्यावर तू तुझं ताट घेऊन मोरीवर गेलास, घासायला बसलास, आणि आजीनं ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, "पोरांनी भांडी घासायची नसतात, आपल्यात तशी पद्धत नाही." मग तू मला विचारलंस, "स्टुटगार्टला मी रोज घासतो. खरी मराठी पद्धत कुठली, आजीची की तुझी?" हे फोनवर दोन वाक्यांत सांगून संपणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

आजी खोटं बोलली नाही. ती ज्या घरात वाढली तिथं मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या हाती केरसुणी यायची. तांदळातले खडे काढणं, कोथिंबीर निवडणं, पाणी भरणं, जेवणं झाली की खरकटं काढून जागा पुसून घेणं, हे तिला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. आईच्या मागं मागं राहून ते हाताला लागलं. भाऊ मात्र जेवून उठले की थेट अंगणात. तुझं ताट तिनं घेतलं ते मायेनंच. नातू एवढ्या लांबून आलाय, त्यानं चार दिवस आयतं खावं, असं तिला वाटतं.

तरीही तिच्या त्या वाक्याला मी "आपली पद्धत" म्हणणार नाही. आता श्रावण चालू आहे, गावात कुठंतरी पूजा असेल, भंडारा असेल. आबांबरोबर जा आणि पंगत नीट बघ. आधी पानात मीठ पडतं, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, मग भात आणि त्यावर वरण. हे सगळं कोण वाढतं? पुरुष. आमटीची बादली घेऊन वाकून वाकून आग्रह कोण करतं? पुरुष. मागं मोठ्या पातेल्यात भात उलथणारा आचारीही बहुतेक वेळा पुरुषच असतो. म्हणजे पुरुषाला हे जमत नाही किंवा शोभत नाही, असं कुणीच मानत नाही. चारचौघांत केलं की ती सेवा, सगळे कौतुक करतात. तेच रोज घरात करायचं म्हटलं की ते बायकांचं काम. मला राग येतो तो या फरकाचा.

आणि हा फरक लहान नाही. २०१९ मध्ये भारत सरकारनं लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी केली होती. सहा वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींतल्या ८१ जणींनी त्या दिवशी घरकाम केलं होतं, पुरुष आणि मुलगे शंभरात फक्त २६. आणि ज्यांनी केलं त्यांच्यातही बायकांची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास, रोज, बिनपगारी. तुझी आजी त्या ८१ जणींतली आहे, आणि तिला आता गुडघेदुखी आहे.

तू आहेस त्याच साताऱ्यात याचं दुसरं उत्तरही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामं स्वतः करायची. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे त्या संस्थेचं वाक्य. बोर्डिंग चालावं म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांची समाधी साताऱ्यातच आहे, आबांना दाखवायला सांग. ही मुलं शेतकऱ्यांची होती, मराठी होती, आणि मुलगे होती. म्हणून ही पद्धतही आपलीच. मी तीच निवडली.

मित्राला भांडी आवरल्याचे पैसे मिळतात, आपल्याकडं का नाही, असंही तू मागं विचारलं होतंस. ज्या घरात आपण जेवतो तिथलं काम आपलंच असतं. आजीच्या घरातली ही गोष्ट मी जशीच्या तशी ठेवली आहे, फक्त ती मुलींपुरती ठेवलेली नाही. आपण राहतो त्या जर्मनीचा कायदाही काही वेगळं म्हणत नाही. तिथल्या नागरी संहितेचं १६१९ वं कलम सांगतं की आई-वडिलांच्या घरात राहणाऱ्या मुलानं आपल्या कुवतीप्रमाणं घरकामाला हात लावायचा. मुलगा की मुलगी, असा भेद त्यात नाही. आणि आपल्या दारावर केरवोखंची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी लागते त्या आठवड्यात जिना कोण झाडतं, हे आजीला जरूर सांग. बाबा झाडतात म्हटल्यावर ती आधी दचकेल, मग त्यांनी कोपरे नीट काढले का ते विचारेल.

मात्र आजीशी वाद घालू नकोस. "मला भाकरी शिकव" म्हण, बघ ती नाही म्हणते का. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून तळहाताच्या टाचेनं ते खूप मळावं लागतं. गोळा छोटाच घे. परातीत खाली पीठ भुरभुरव, बोटं जुळवून थाप आणि दुसऱ्या हातानं कडा सांभाळ. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि खालची बाजू भाजली की थेट जाळावर. थापतानाच कडा चिरत असतील तर पीठ जुनं आहे, त्याची विरी गेली आहे. अशा वेळी गिरणीतून ताजं दळून आणायला तूच जा, डबा उचलायला आजीला पाठवू नकोस.

पहिल्या भाकऱ्या फुगणार नाहीत. त्या तू खा, चांगल्या आबांना वाढ. मग परात आणि तवा उचलून मोरीवर ने. शिकवणाऱ्या बाईला मागचं आवरायला लावायचं नसतं, एवढं म्हणालास की आजी अडवणार नाही. तवा घासणीनं घासू नकोस, लोखंडी आहे. फडक्यानं पूस आणि वाळू दे. पावसाळी हवेत ओला राहिला तर रात्रीत गंज धरतो.

रविवारी फोन करते. कितवी भाकरी फुगली ते सांग.

तुझी,
आई