अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीतून (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या राज्याच्या विभागातून) पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला कोण कोण गेलं, या जुन्या याद्यांना काही अर्थ असतो का?

असतो, पण नुसती नावं वाचून तो हाती लागत नाही. कोणाला दारातूनच परत पाठवलं हे माहीत असेल तरच यादी बोलायला लागते. मिसिसिपी राज्यातल्या सनफ्लॉवर काउंटीचं उदाहरण घेतो. माझ्या मते यापेक्षा बोलकी काउंटी सापडणं कठीण.

आधी रीत सांगतो. राष्ट्रीय अधिवेशन दर चार वर्षांनी भरतं आणि तिथे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरतो. प्रतिनिधी जातात ते राज्याच्या नावाने. काउंटी ही मधली पायरी. आता बराचसा निकाल प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडायला मतदारांनीच मतं द्यायच्या प्राथमिक निवडणुकीत लागतो. पण 1964 साली मिसिसिपीत सगळ्यात खाली प्रिसिंक्टची, म्हणजे एका मतदान केंद्राच्या हद्दीतली बैठक व्हायची. तिथून काउंटीचं अधिवेशन, मग राज्याचं, मग राष्ट्रीय. आपल्याकडे तिकीट दिल्लीत ठरतं म्हणून सगळ्यांचे डोळे वर लागलेले असतात. इथे मात्र खरी मारामारी अगदी खालच्या बैठकीत होती, कारण तिथे शिरकाव झाला नाही तर पुढचं सगळं बंद.

सनफ्लॉवर हा कापसाचा मुलूख. त्या काळात जवळजवळ दोन तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीयांची, पण मतदार यादीत ते नावापुरतेच. सिनेटर जेम्स ईस्टलँड यांची हजारो एकरांची जमीन याच काउंटीत. वर्णभेद टिकवण्यासाठी उभी राहिलेली पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ही 1954 साली इथल्याच इंडियानोलात स्थापन झाली.

याच काउंटीतल्या रूलव्हिल गावाजवळ फॅनी लू हेमर एका कापसाच्या मळ्यावर 18 वर्षं राबत होत्या. 31 ऑगस्ट 1962 रोजी त्या आणखी काही जणांबरोबर बसने इंडियानोलाच्या कोर्टात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. परीक्षेत मिसिसिपी राज्याच्या घटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायला सांगितला, अर्थातच नापास. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि चालकाला दंड ठोकला. कारण काय, तर बसचा रंग चुकीचा! घरी पोचल्यावर मळेवाल्याने सांगितलं, नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. त्या रात्रीच त्यांनी मळा सोडला.

1964 च्या जूनमध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रिसिंक्ट बैठकीला गेल्या, तर ठरलेल्या जागेला कुलूप. मग त्यांनी आणि सोबतच्यांनी बाहेरच्या हिरवळीवरच बैठक भरवली आणि प्रतिनिधी निवडले. मला विचाराल तर त्या वर्षातलं सनफ्लॉवरचं खरं अधिवेशन तेच. अशाच समांतर बैठकांमधून मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीचं शिष्टमंडळ तयार झालं आणि ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीला धडकलं. मागणी एवढीच, की राज्याच्या निव्वळ गोऱ्यांच्या शिष्टमंडळाऐवजी आम्हाला बसवा.

22 ऑगस्टला प्रतिनिधींची पात्रता तपासणाऱ्या समितीपुढे हेमरबाईंनी नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला, आणि लगेच काउंटीही: सनफ्लॉवर, सिनेटर ईस्टलँड यांचं घर असलेली. एका वाक्यात दोन्ही टोकं! साक्ष चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावलं आणि कॅमेरे तिकडे वळले. पण वाहिन्यांनी रात्री ती साक्ष पुन्हा दाखवली आणि डाव उलटला.

तडजोड म्हणून पक्षाने दोन जागा देऊ केल्या, आणि त्या दोघांची नावंही पक्षानेच ठरवली: ॲरन हेन्री आणि एड किंग. दोघेही चळवळीतलेच, पण सनफ्लॉवरचे नव्हेत. एवढ्या लांबून आम्ही दोन जागांसाठी आलो नाही, असं हेमरबाईंनी सुनावलं आणि शिष्टमंडळाने तो देकार नाकारला. पदरात पडलं ते एक आश्वासन: 1968 पासून वर्णभेद करून निवडलेलं शिष्टमंडळ चालणार नाही. पक्ष ते विसरेल अशी शंका मलाही आली असती. पण 1968 मध्ये शिकागोला मिसिसिपीचं मिश्र शिष्टमंडळ बसलं, त्यात हेमर होत्या, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. 1972 मध्ये मायामी बीचलाही त्या प्रतिनिधी होत्या.

रिपब्लिकन बाजूलाही बघा. सनफ्लॉवरला लागूनच असलेल्या बोलिव्हर काउंटीचे ब्लँच ब्रूस गुलामीत जन्मलेले, पुढे सिनेटर झाले. 1880 च्या रिपब्लिकन अधिवेशनात काही काळ अध्यक्षपदाच्या खुर्चीत तेच होते. म्हणजे 1964 च्या भांडणाच्या 84 वर्षं आधी! मधल्या काळात, 1890 साली, राज्याने नवी घटना करून मतदानाला कर आणि परीक्षा लावली होती.

तुम्हाला एखाद्या काउंटीची नावं काढायचीच असतील तर अधिवेशनांची छापील इतिवृत्तं बघा. त्यात यादी राज्यवार असते, काउंटीवार नाही. तेव्हा काउंटीतल्या गावांची नावं आधी जवळ ठेवा.