घरच्या साबणात संत्र्याचा रस किंवा साल घालता येते का?

साल घाला, रस नको. नागपूरकर म्हणून मीही आधी रसच घातला होता. रसातलं सायट्रिक आम्ल, तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा खाऊन टाकतं: १० ग्रॅम आम्लामागे सुमारे ६ ग्रॅम. तेवढं तेल साबण न होता तसंच राहतं आणि वडी मऊ, चिकट होते. शिवाय रसातल्या साखरेने मिश्रण तापतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना माझा घोळ साच्यातून वर फुगून आला होता.

साल सावलीत कडकडीत वाळवा, दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. अर्धा किलो तेलाला एक चहाचा चमचा पुरे. भरड राहिली तर अंगाला ओरखडते. रंग मात्र केशरी राहत नाही, तपकिरी होतो. सालीने वासही फारसा येत नाही.

माझ्या मते विदर्भात खरी गंमत मोहाच्या बियांच्या तेलात आहे. थंडीत ते तुपासारखं थिजतं, आणि खोबरेल तेलासोबत वापरलं की वडी छान मऊसूत लागते. पण प्रत्येक तेलाला कॉस्टिक सोडा कमी-जास्त लागतो, तो हिशेब आधी करा.

सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. हातमोजे, चष्मा हवेतच. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो. वड्या ४ ते ६ आठवडे मुरू द्या.