तिची वही उघडून पाहिलीत का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९३.६० टक्के होते. रविवारी आयर्विन पुलावर उभी राहून कृष्णेतून वाहत जाणाऱ्या बाटल्या-पिशव्या मोजते, वहीत लिहिते. आता यातच पुढे शिकायचं म्हणते. नातेवाईक विचारतात, एवढं शिकून कचरा मोजणार का? मी पुलावर जाणं बंद केलंय. तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं, हौस म्हणून उपग्रहाचा एखादा कोर्स करावा. उपग्रहातून सगळं दिसतंच. तिला कसं समजवावं? – एक पालक, सांगली

उत्तर : मार्क तुम्ही दशांशापर्यंत कळवलेत. वहीत काय आहे, यावर मात्र एक ओळ नाही. बारावीच्या वर्षी रविवार जातो याची काळजी मला कळते. पण त्यासाठी वेळ बांधून देता आला असता. तुम्ही जाणंच बंद केलंत, तेही नातेवाइकांच्या एका प्रश्नावरून. हे मला मार्कांपेक्षा गंभीर वाटतं.

जगभरात नद्यांवर असंच मोजतात. पुलाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर ठरावीक मिनिटं थांबायचं, खालून काय गेलं ते प्रकारानुसार टिपायचं. पुढे कॅमेरा बसवला तरी तो नीट मोजतोय का, हे माणसाच्या मोजणीशीच ताडून पाहतात.

आता उपग्रह. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. जलपर्णीचा मोठा पट्टा दिसेल, तिच्यात अडकलेली बाटली दिसणार नाही. पहिल्या पुरात काठावरचं सगळं वाहून येतं, तेव्हा नेमकं आभाळ भरलेलं असतं. पावसाळ्यात ‘आयर्विनला पाणी किती फूट?’ हे तुम्हीही विचारत असाल. तो आकडाही पुलावरच मिळतो. शिवाय हे काम मोजक्या बड्या नद्यांपुरतं नाही. नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के हजाराहून अधिक नद्यांतून जातं, असा २०२१ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

सीईटी देऊ दे. सिव्हिल किंवा पर्यावरण इंजिनिअरिंग, पुढे गेट परीक्षा, एम.टेक.; नाहीतर स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. फक्त याच कामाच्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्या आहेत, म्हणून पदवीचा पाया रुंद हवा. कॉम्प्युटरही चालेल, तिने स्वतः निवडलं तर. महागड्या कोर्सला पैसे घालू नका, डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात.

परीक्षेपर्यंत महिन्यातला एक रविवार तिला द्या. पुलावर वाहनं असतात, सोबत तुम्ही जा आणि घड्याळ तुम्ही धरा. पुढचं पत्र तिला लिहू द्या. गणित किती आवडतं, हे मला तिलाच विचारायचं आहे.