कूलर बंद करायचं आठवलं की केल्याचं?

शेजारची एक मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करते. परवा रात्री तिने सराव-पेपरचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘काका, प्लीज एक्सप्लेन मी.’ प्रश्न असा : ‘आय रिमेंबर्ड टू टर्न ऑफ द कूलर’ आणि ‘आय रिमेंबर टर्निंग ऑफ द कूलर’ ही दोन्ही वाक्यं बरोबर कशी? आणि तिने लिहिलेल्या ‘टर्न ऑफ इट’वर मात्र लाल फुली. ‘हे काय चालून राहिलं काका?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरातच आहे. मे महिन्यात कुलूप लावून निघालो, ऑटो नागपुरातल्या बर्डीपर्यंत पोचला आणि बायकोने विचारलं, ‘अहो, कूलर बंद केला ना?’ यावर मी दोन तऱ्हांनी हो म्हणू शकतो. ‘हो, बंद करायचं लक्षात होतं.’ किंवा, ‘हो, बंद केल्याचं आठवतंय.’ पहिल्यात आठवण आधी, काम नंतर. दुसऱ्यात काम होऊन गेलेलं, आठवण आत्ता ऑटोत बसल्यावर येते आहे. (ऑटो मागे फिरवावा लागतो तो बहुतेक दुसऱ्या उत्तराच्या वेळी.) ‘करायचं’ आणि ‘केल्याचं’ यांत आपला गोंधळ कधी होत नाही. इंग्रजीत हेच काम ‘टू’ आणि ‘इंग’ करतात. ‘रिमेंबर्ड टू टर्न ऑफ’ म्हणजे करायचं आठवलं, ‘रिमेंबर टर्निंग ऑफ’ म्हणजे केल्याचं आठवतं.

‘टू’ पुढे का बघतो, यालाही कारण आहे. मुळात ते ‘कडे’ या अर्थाचं, दिशा दाखवणारं अव्यय. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘टू’ लागलं की पुढच्या क्रियापदाचं नामासारखं रूप होई, आणि ते रूप चतुर्थीचं असे. आता आपलं ‘बोलायला’, ‘खायला’ बघा. तिथेही क्रियापदाच्या नामाला ‘ला’ लागलेला आहे, आणि तोही चतुर्थीचाच. दोन भाषांनी आपापल्या घरी बसून एकच युक्ती काढली, याची मला अजून गंमत वाटते.

म्हणून ‘स्टॉप’चा घोळ मी पोह्यांवर सोडवतो. ‘ही स्टॉप्ड टू ईट पोहा’ म्हणजे तो पोहे खायला थांबला. ‘ही स्टॉप्ड ईटिंग पोहा’ म्हणजे तो पोहे खायचा थांबला. ‘ला’च्या जागी ‘चा’ आला एवढंच, पण पहिला माणूस तर्रीवाल्याच्या ठेल्यासमोर उभा आहे आणि दुसऱ्याच्या तब्येतीची नागपुरात चौकशी करावी लागेल. ‘ट्राय’ तर याहून सोपं. ‘ट्राय टू ओपन इट’ म्हणजे उघडायचा प्रयत्न कर, जमेल न जमेल. ‘ट्राय ओपनिंग इट’ म्हणजे उघडून बघ, त्याने काम होतं का ते. हे ‘उघडून बघ’ शब्दशः शिकवायची गरजच नाही. आपण ते दिवसातून दहादा म्हणतो.

जोडीच्या क्रियापदावरून तिचं ‘चालून राहिलं’ आठवलं. ‘तो जेवून राहिला’ म्हटलं की नागपूरकराला माणूस ताटावर दिसतो. पुण्याच्या माणसाला वाटतं, जेवला आणि मुक्कामाला राहिला. आमचं हे ‘राहिला’ हिंदीतल्या ‘खा रहा है’च्या शेजारचं, आणि १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या शहराच्या कानाला ते खटकण्याचं कारण नाही. शब्द तेच असतात, दुसरं क्रियापद स्वतःच्या अर्थाने आलंय की पहिल्याच्या मदतीला, यावर सगळं ठरतं. ‘ईट अप’मधला ‘अप’ असाच मदतीला आलेला. त्यात वर काही जात नाही, जसं ‘खाऊन टाक’मध्ये कोणी काही टाकत नाही. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक. अशा ठिकाणी ‘अप’चा अर्थ कोशात शोधण्याआधी ‘टाक’ लावून पाहावं.

सगळीकडे मात्र हा हिशेब जमत नाही. ‘बिगिन’ला दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ जवळपास तोच राहतो. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांना फक्त ‘इंग’ लागतं, ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांना फक्त ‘टू’. हे पाठच करावं लागतं. अर्जाच्या शेवटी येणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे चूकच. तिथला ‘टू’ अजून जुन्या कामावर आहे, म्हणून ‘टू मीटिंग यू’.

आता लाल फुली. ‘टर्न ऑफ द कूलर’ चालतं, ‘टर्न द कूलर ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’च. ‘इट’ म्हणजे कोण ते आधीच ठाऊक असतं, शब्द हलका असतो, त्यावर जोर येत नाही. इंग्रजी वाक्याला वजन शेवटी लागतं, तेव्हा ते ‘ऑफ’ पेलतो. मोठ्याने म्हणून पाहा, जोर ‘ऑफ’वरच पडतो. मग ‘लुक आफ्टर हर’ का? ‘लुक हर आफ्टर’ का नाही? इथे पुन्हा मराठी. ‘कूलर बंद कर’मध्ये ‘बंद’ हा ‘कर’चा सोबती आहे. ‘आईकडे बघ’मधला ‘कडे’ आईला चिकटलेला आहे, त्याला तिथून हलवता येत नाही. ‘ऑफ’ हा ‘बंद’च्या जातीचा, ‘आफ्टर’ हा ‘कडे’च्या.

राहता राहिलं तिचं ‘एक्सप्लेन मी’. ते तिने विचारलं नव्हतं, तरी सांगतो. ‘मला सांग’, ‘मला समजाव’ ही मराठीत एकाच साच्याची, म्हणून ‘टेल मी’ बरोबर तर ‘एक्सप्लेन मी’ही बरोबर वाटतं. याच ओढीने आपण ‘तिच्याशी लग्न’वरून ‘मॅरी विथ हर’ करतो आणि ‘त्याबद्दल चर्चा’वरून ‘डिस्कस अबाउट’. हे शेवटचं मी स्वतः वीसेक वर्षं बिनधास्त लिहिलं आहे. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘सेंड’, ‘शो’ ही इंग्रजीची जुनी, घरची, आखूड क्रियापदं. त्यांच्यामागे माणूस थेट येऊन बसतो. लॅटिनकडून आलेली ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’ जरा सोवळ्यातली. त्यांना माणसाआधी ‘टू’ लागतो : ‘एक्सप्लेन इट टू मी’. याला अपवाद आहेत. ‘प्रॉमिस’ही लॅटिन घराण्यातलंच, पण ‘प्रॉमिस मी’ खुशाल म्हणावं.