पहिल्यांदाच छोट्या बिस्ट्रोमध्ये स्टेक आणि रेड वाइन घ्यायची आहे. कट (म्हणजे मांसाचा कोणता भाग), 'किती शिजवू?' आणि वाइन यांचं कसं ठरवावं?

तुम्ही तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारल्यात, पण एकदा कट ठरला की उरलेल्या दोन्ही त्याच्यामागून येतात.

टेंडरलॉइन हा कट मऊ असतो, पण त्यात चरबी जवळजवळ नसतेच. तो रेअर (आतून जेमतेम शिजलेला) किंवा मिडियम रेअर (त्याहून जरा जास्त) घ्या, त्यापुढे कोरडा पडतो. रिबाय या चरबीदार कटचं उलट. त्यातली चरबी वितळायला उष्णता लागते, म्हणून मिडियम रेअर ते मिडियम. रेअर मागवलात तर चरबीचे तुकडे चघळत बसाल. हँगर, बावेट, फ्लँक हे कट सहसा स्वस्त आणि, माझ्या मते, चवीला सगळ्यात दमदार. मात्र तंतू जाड असल्यामुळे मिडियमच्या पुढे गेले की चिवट होतात. कापून आले नसतील तर तंतूंची दिशा बघा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. तंतूंच्या दिशेने कापलेला चांगला तुकडाही चामड्यासारखा लागतो.

मधल्या भागाचं तापमान साधारण असं धरा: रेअर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, मिडियम रेअर ५४ ते ५७, मिडियम ६०, वेल डन ७० च्या वर. पण एका ठिकाणचा मिडियम दुसरीकडे मिडियम रेअर निघतो, त्यामुळे नुसतं नाव न सांगता 'मध्ये गरम आणि गुलाबी हवा' असं सांगा. दोन पायऱ्यांमध्ये अडलात तर कमीची मागा. कमी शिजलेला परत तव्यावर जातो, जास्त शिजलेल्याला इलाज नाही. ताटात आल्या आल्या सगळ्यात जाड जागी मधोमध कापून बघा. अर्धा संपवून तक्रार करण्यात अर्थ नाही. ताटात लाल पाणी दिसलं तर ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे पाण्याला तो रंग येतो. आणि सेंटीमीटरभर जाडीच्या पातळ स्टेकला मिडियम रेअरचा हट्ट धरू नका. बाहेरून खरपूस होईपर्यंत तो आतून शिजून गेलेला असतो.

मेन्यूवरचं वजन कच्च्या मांसाचं असतं. ३०० ग्रॅमचा कट शिजून सव्वादोनशेच्या आसपास उरतो. हाड असेल तर खायला त्याहून कमी.

आता वाइन. रेड वाइनमधल्या टॅनिन या द्रव्याचा तुरटपणा चरबी आणि प्रथिनांबरोबर सौम्य लागतो, म्हणून रिबायबरोबर कॅबर्ने सोव्हिन्यॉ किंवा माल्बेक चालते. टेंडरलॉइनवर तीच वाइन दादागिरी करते. तिथे पिनो न्वार किंवा गामे बरी. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास होतात, म्हणजे दोघांना ५०० मिलीचा कॅराफ (सुटी वाइन देतात तो काचेचा जग) सहसा पुरतो. सुटा ग्लास घेताना बाटली कधी उघडली ते बिनधास्त विचारा. दोन-तीन दिवस उघडी राहिलेली रेड बेचव किंवा आंबूस होते.

बाटली मागवली की आधी घोटभर ओततात ती आवड विचारायला नाही, दोष तपासायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर कॉर्क बिघडलेला आहे, बाटली बदलून मागा. 'आवडली नाही' हे मात्र परत करायचं कारण होत नाही. रेड १६ ते १८ अंशांना छान लागते. कोमट आली तर बर्फ आणि पाणी घातलेली बादली मागून बाटली दहा मिनिटं त्यात ठेवा. नुसत्या बर्फात गार व्हायला जास्त वेळ जातो.

सॉस वेगळ्या वाटीत मागवा, नाहीतर खरपूस पापुद्रा भिजून मऊ पडतो. मिरीचा सॉस घेणार असाल तर १४.५-१५ टक्के अल्कोहोलची वाइन टाळा, तोंडात जळजळ वाढते. बेआर्नेज म्हणजे लोणी आणि अंड्याचा बलक. रिबायवर तो जड होतो, टेंडरलॉइनवर शोभतो.