दहा वर्षांच्या मुलीला ‘हॅलो नेबर’ खेळू द्यावा का?

ताई, थेट उत्तर आधी देतो. द्या. फक्त सुरुवातीला तिच्याजवळ बसा आणि शेजाऱ्याच्या घरात लपतछपत शिरायचा हा भीतीचा गेम मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर किंवा कन्सोलवर द्या.

तुम्ही लिहिलंय की वर्गातल्या मुली ‘ग्रॅनी’ आणि ‘पॉपी प्लेटाइम’बद्दल बोलतात, म्हणून तिलाही भीतीचा गेम हवाय; पण ती अजून पॅसेजमधला दिवा चालू ठेवल्याशिवाय झोपत नाही. त्या दिव्यामुळेच जरा सविस्तर लिहितोय.

लहान मुलांसाठी असा गेम निवडताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघतो: पकडलं गेल्यावर काय होतं? लपतछपत खेळायच्या गेममध्ये मूल पकडलं जाणारच, सारखं पकडलं जाणार. म्हणजे पूर्ण गेममध्ये जे दृश्य ते सगळ्यात जास्त वेळा बघणार ते हेच. ‘ग्रॅनी’मध्ये म्हातारी बॅट घेऊन अंगावर येते आणि मारते, घरभर रक्ताचे डाग असतात, आणि सुटायला पाचच दिवस मिळतात. ‘हॅलो नेबर’मध्ये शेजारी धावत येऊन झडप घालतो, पडदा काळा होतो आणि आपण पुन्हा घराबाहेर असतो. रक्त नाही, मारहाण नाही. उघडलेलं कुलूप, सरकवलेली खोकी, सगळं तसंच राहतं, त्यामुळे केलेली मेहनतही वाया जात नाही. अमेरिकेत खेळांना वयाचं मानांकन देणाऱ्या ईएसआरबीने त्याला दहा वर्षं आणि त्यापुढच्या मुलांसाठीचं मानांकन दिलंय, आणि मला ते योग्य वाटतं.

गेम डिसेंबर २०१७ मध्ये आला. डायनॅमिक पिक्सेल्सने बनवला, टायनीबिल्डने प्रकाशित केला. आपण निकी नावाचा मुलगा. समोरच्या घरात मिशीवाला पीटरसन राहतो, आणि तळघरात तो काहीतरी लपवतोय असा निकीला संशय आहे. त्या तळघरापर्यंत पोचायचं, एवढंच. घर कार्टूनसारखं, रंग भडक, दारं वाकडीतिकडी. त्या रंगांमुळे भीती बरीच बोथट होते.

खरी गंमत शेजाऱ्याच्या डोक्यात आहे. आपण कुठून येतो ते तो लक्षात ठेवतो. माझ्या भाच्याला मागच्या अंगणातली एक खिडकी सापडली आणि त्याने तिथूनच आत जायचा सपाटा लावला. थोड्या वेळाने तिथेच लोखंडी सापळा! पाय अडकला, तो सोडवेपर्यंत संगीत चढलं, मागून धावत्या पावलांचा आवाज जवळ आला. भाचा किंचाळला, ‘मामा, याला कळलं!’ आणि लगेच खो खो हसायला लागला. पुढच्या वेळी त्याने स्वतःहून डाव बदलला. पुढच्या बाजूच्या खिडकीवर एक वस्तू फेकून काच फोडली, शेजारी बघायला तिकडे गेला, आणि हा पठ्ठ्या मागून आत. आवाज कुठे करायचा, कधी थांबायचं, कपाटात किती वेळ दम धरायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या लपाछपीत जे असतं तेच हे, फक्त राज्य कायम शेजाऱ्यावर. पुढच्या दारातून सारखं गेलं तर तिथे कॅमेरे लागतात. त्यामुळे मुलांना दरवेळी नवा रस्ता शोधावा लागतो, आणि विचार करता करता भीती मागे पडते.

संवाद जवळजवळ नाहीतच. मराठी माध्यमातल्या मुलांचंही काही अडत नाही.

आता तुमच्या मुलीला कुठे त्रास होऊ शकतो ते सांगतो. भीती बरीचशी आवाजातून येते. शेजाऱ्याने बघितलं की संगीत एकदम चढतं आणि मोठ्या माणसाचंही काळीज धडधडतं. हेडफोन देऊ नका. स्पीकर, तोही हळू. नाटकासारखे या गेमचे अंक आहेत; पहिल्या अंकाच्या शेवटी आपण तळघरात उतरतो, तो अंधारा भाग संध्याकाळनंतर नको. शनिवारी सकाळी खेळू द्या.

दुसरा त्रास भीतीचा नाही, वैतागाचा आहे. पहिला अंक सुटसुटीत आहे, दुसरा बरा. तिसऱ्या अंकात घर अवाढव्य होतं, चक्क रुळांवरून गाडी धावते, आणि कोडी इतकी विचित्र होतात की तर्क चालतच नाही. समीक्षकांनीही या गेमला यासाठीच झोडपलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मोठी मुलंही इथे अडकतात. तेव्हा ‘तूच शोध’ म्हणून तिला ताटकळत ठेवू नका, उत्तर शोधून सांगा. पण व्हिडिओ तुम्ही बघा, तिला यूट्यूबवर एकटीला सोडू नका. या गेमच्या नावाखाली तिथे हौशी लोकांनी बनवलेले जे व्हिडिओ फिरतात, त्यातले काही मूळ गेमपेक्षा कितीतरी भयानक आहेत.

गोष्टीबद्दल एक, आणि हे फक्त तुमच्यासाठी. शेजारी हा राक्षस नाही, दुःखाने खचलेला माणूस आहे. बायको अपघातात गेली, मग मुलगी गेली, आणि उरलेल्या मुलाला त्याने कोंडून ठेवलंय. हे शब्दांत कुठेच सांगितलेलं नाही, अंकांच्या मधल्या दृश्यांतून कळतं. पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही. पण तुमची मुलगी संवेदनशील आहे असं दिसतंय, ती विचारेल. विचारलं तर टाळू नका; मला स्वतःला या गेममधला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेला ‘हाइड अँड सीक’ हा या गोष्टीच्या आधी काय घडलं ते सांगणारा गेम शेजाऱ्याच्या याच दोन मुलांचा, भावाबहिणीचा आहे, खेळता खेळता आईचं जाणं पेलणाऱ्या दोन मुलांचा. तो आणखी वर्षभराने द्या, तोही तुम्ही आधी बघून.

‘लिटल नाइटमेअर्स’ कुणी सुचवला तर आत्ता नको. दिसायला तोही बाहुल्यांच्या खेळासारखा, पिवळ्या रेनकोटातली छोटीशी मुलगी, पण त्याचं मानांकन तेरा वर्षांवरचं आहे आणि त्यातले आचारी बघितले की का ते कळतं. ‘पॉपी प्लेटाइम’मध्ये पकडलं जाणं अंगावर येतं, आणि पुढच्या भागांत ते वाढतच जातं.

‘सीक्रेट नेबर’ मात्र वेगळ्या कारणासाठी नको. तो सहा जणांनी ऑनलाइन खेळायचा, त्यातला एक वेष बदललेला शेजारी. कल्पना झकास आहे, भीतीही फारशी नाही, पण त्यात अनोळखी लोकांशी आवाजात बोलता येतं. सहाही जणी वर्गातल्याच असतील तर गोष्ट वेगळी.

घरी कन्सोल आहे की पीसी ते कळवा, म्हणजे सेटिंग्ज नेमक्या सांगता येतील.