आजीचे हाल नातवाच्या जनुकांत?

प्रश्न : मी फोंड्याच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. मानवशास्त्राच्या घटकात एपिजेनेटिक्सवरचे, म्हणजे जनुके तीच राहून त्यांचे काम कसे बदलते यावरचे, संशोधन सांगत असताना मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्या, कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे भाटकाराकडे आजीने काढलेले हाल माझ्या जनुकांत उतरले असणार ना?" मला नीट उत्तर देता आले नाही. काय सांगावे? — एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : 'उतरले' या शब्दापाशीच थांबावे. जनुकांतील अक्षरांचा क्रम तोच राहतो. डीएनएवर मेथिल गटासारख्या रासायनिक खुणा चढतात वा निघतात आणि त्यांवरून एखादे जनुक किती काम करील हे काही अंशी ठरते. उपासमार किंवा तंबाखू यांचा या खुणांशी संबंध दिसला आहे. पण त्या नातवंडा-पतवंडांपर्यंत पोचतात, हे विधान निराळे आहे, आणि बातम्यांचे मथळे नेमकी इथेच गल्लत करतात.

फळ्यावर चित्र काढा. आईची आई गरोदर आहे, पोटात मुलगी आहे, आणि त्या मुलीच्या बीजकोशात तिची बीजांडे जन्माआधीच तयार झालेली आहेत. त्यांतल्याच एकापासून पुढे तुमचा विद्यार्थी झाला. म्हणजे त्या गरोदरपणातली उपासमार तिन्ही पिढ्यांना एकाच वेळी प्रत्यक्ष भोवते. तिला वारसा म्हणता येत नाही. आईकडून आलेला खरा वारसा दाखवायचा तर पतवंडांपर्यंत जावे लागते, आणि माणसांत तसा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. (आजी वडिलांची आई असेल तर हे चित्रही बदलते, तो बदल मुलांनाच शोधू द्या.)

मग दहा निष्कर्षांची यादी देण्याऐवजी एकच अभ्यास बारकाईने वाचून घ्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेले. त्या काळात गर्भधारणा झालेल्या ६० जणांची, सुमारे सहा दशकांनी, उपासमारीची झळ न लागलेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली, तेव्हा आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावरचे मेथिलीकरण, म्हणजे मेथिल गटांच्या खुणांचे प्रमाण, थोडे कमी आढळले. हा शोधनिबंध २००८ चा. गर्भारपणाच्या अखेरीस उपासमार सोसलेल्यांत मात्र तो फरक नव्हता. भावंडेच का निवडली, रक्तातल्या खुणांवरून मेंदूविषयी बोलता येईल का, थोडा फरक म्हणजे आजार का, हे प्रश्न मुलांकडून यायला हवेत. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ कॉनी मलिगन यांच्या गटाचा काँगोतील २०१२ चा अभ्यास ठेवावा. युद्धग्रस्त भागातील मातांचा ताण, नवजात बाळांचे वजन आणि मेथिलीकरण यांत त्यांना संबंध दिसला, पण माय-लेकरांच्या जोड्या फक्त २५ होत्या. मला तो अभ्यास शिकवायला आवडतो, कारण त्याचे महत्त्व आणि त्याची मर्यादा एकाच पानावर दिसतात.

आता त्या मुलाचे उत्तर. घर स्वतःच्या नावावर नसणे, जेवणात काय पडते, शाळा कितव्या इयत्तेत सोडावी लागली, हेही आजीकडून आईकडे आणि आईकडून त्याच्याकडे आले आहे, आणि त्यासाठी मेथिल गटाची गरज लागत नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याखालचा त्यांचा घराचा दावा मामलेदाराच्या कचेरीत अजून पडून असेल, तर तो ताण त्याच्या स्वतःच्या शरीराला आज होत आहे. 'जनुकांतच आहे' म्हटले की दोष आईच्या गर्भाशयावर जातो आणि भाटकार मोकळा सुटतो, हेही वर्गात स्पष्ट बोलावे. मात्र चर्चेत कोणाच्या घरचे आजार किंवा गर्भपात विचारू नयेत. फोंड्यासारख्या गावात वर्गातल्या मुलांची घरे एकमेकांना ओळखतात.